लेड झेपेलिनचे मुंबईतील पुनर्ध्वनिमुद्रण : मूळ कृती, मैफल आणि बँडचे विसर्जन

गोषवारा :
लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडमधील दोन कलावंतांनी १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांसह आपली दोन गीते पुन्हा ध्वनिमुद्रित केली. हे ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या घटनेच्या आधारे पुनर्ध्वनिमुद्रण, मैफलींच्या ध्वनिमुद्रिका आणि बँडचे विसर्जन या तीन विषयांवर रसिकांत चालणाऱ्या चर्चेचे स्वरूप स्पष्ट केले आहे. या तिन्ही विषयांच्या मुळाशी ‘कृतीवर नाव कोणाचे?’ हा एकच प्रश्न आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : पुनर्ध्वनिमुद्रण, मैफल, रॉक संगीत, श्रेयनोंद, संगीतरसिक.

प्रस्तावना

ध्वनिमुद्रणाचे तंत्र येण्यापूर्वी गाणे गायले की ते हवेत विरून जात असे. मागे उरे ती ऐकणाऱ्याची आठवण. ध्वनिमुद्रणाने ही स्थिती पालटली. तेच गाणे त्याच आवाजात पुनःपुन्हा ऐकता येऊ लागले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्नही निर्माण झाला. एकाच गाण्याची दोन, तीन किंवा दहा मुद्रणे उपलब्ध असतील, तर त्यांपैकी खरे गाणे कोणते मानावे?

मराठी रसिकाला हा प्रश्न अपरिचित नाही. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रथम प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे घरोघरी पोहोचल्या त्या मात्र एकट्या फडके यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका. त्याशिवाय त्यांनी वर्षानुवर्षे केलेले मंचीय कार्यक्रम निराळेच. आकाशवाणीवरील पहिले प्रसारण मूळ मानावे, की ज्या रूपात महाराष्ट्राने ते कंठस्थ केले ते रूप मूळ मानावे, यावर जाणकारांत आजही चर्चा होते. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या रसिकांत हीच चर्चा अधिक तपशिलाने व पुष्कळदा अधिक आवेशाने चालते. त्या चर्चेचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत येऊन पोहोचतो.

बँडची पार्श्वभूमी

लेड झेपेलिन हा बँड १९६८ मध्ये लंडन येथे स्थापन झाला. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लान्ट, बेस गिटार व कळफलकाची वाद्ये वाजविणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम असे त्याचे चार सदस्य होते. अमेरिकी ब्लूज, ब्रिटिश लोकसंगीत आणि विजेवर चालणाऱ्या गिटारीचा प्रचंड नाद यांचा मेळ हे त्यांच्या संगीताचे वैशिष्ट्य होय. अरबी व भारतीय संगीताचे आकर्षणही त्यात प्रारंभापासून दिसते.

मुंबईत पुन्हा ध्वनिमुद्रित झालेली गीते ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही होत. पहिले १९७० च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत आहे. त्यात पेजने गिटारच्या तारा नेहमीपेक्षा निराळ्या जुळवणीत लावल्या आहेत. तारवाद्यांच्या साथीची योजना जोन्सची असून तिचे वळण पौर्वात्य आहे. दुसरे गीत १९७१ च्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेतील आहे. बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन ड्रम वाजविले, म्हणून या गीताला ‘चार काठ्या’ असे नाव मिळाले. या गीताची लय पाच आणि सहा मात्रांच्या गटांत आलटून पालटून चालते. विषम विभागांचे ताल भारतीय संगीतात रुळलेले आहेत. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे, तर रूपकाचे तीन-दोन-दोन असे पडतात. त्यामुळे ही दोन गीते भारतीय वादकांपुढे ठेवावीत, असे पेज व प्लान्ट यांना वाटले यात नवल नाही.

१९७२ चे मुंबई येथील ध्वनिमुद्रण

परदेशी रॉक कलावंतांनी मुंबईत येऊन ध्वनिमुद्रण करण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. बीटल्सचा सदस्य जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये एच.एम.व्ही.च्या मुंबईतील स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी भारतीय वादकांसह संगीत ध्वनिमुद्रित केले होते. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गीताची वाद्यसाथही तेथेच तयार झाली.

अशा प्रयोगांना मुंबई सोयीची होती, कारण हिंदी चित्रपटसृष्टीमुळे येथे भिन्न परंपरांचे वादक एकाच स्टुडिओत रोज एकत्र काम करीत. व्हायोलिन व चेलो वाजविणारे अनेक गोमंतकीय कलावंत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून वाजवीत. त्यांच्या शेजारी बसलेले सतार, सारंगी, तबला, ढोलक यांचे वादक गुरुमुखातून शिकलेले असत आणि चाल ऐकून ती उचलीत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यवृंद-संयोजक हे या दोन पद्धतींमधील दुवे होते.

पेज आणि प्लान्ट १९७२ मध्ये मुंबईत आले, तेव्हा जोन्स आणि बॉनम त्यांच्यासोबत नव्हते. स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी वरील दोन गीते मुद्रित केली. याच वर्षी कुलाबा भागातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये दोघांनी गायन-वादन केल्याची आठवण मुंबईच्या रॉक रसिकांत आजही सांगितली जाते.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणात ‘फ्रेंड्स’ हे प्लान्टच्या आवाजात आहे, तर ‘फोर स्टिक्स’ हे मुख्यतः वाद्यसंगीत म्हणून येते. मूळ गीतात जी जागा बॉनमच्या ड्रम्सची होती, ती येथे भारतीय तालवाद्ये भरून काढतात. या दुसऱ्या गीतात वादकांना लयीची अडचण जाणवते, असे बारकाईने ऐकणारे रसिक नोंदवितात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. भारतीय तालवादक आवर्तन आणि सम यांच्या आधाराने चालतो. पाच आणि सहा यांची अदलाबदल गीताच्या रचनेप्रमाणे होत असेल, तर ती रचना आधी अंगात मुरावी लागते. थोड्या तासांच्या बैठकीत ते साधणे कठीण होते.

हे ध्वनिमुद्रण त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. त्याच्या प्रती अनधिकृत मार्गाने संग्राहकांत फिरत राहिल्या. ३१ जुलै २०१५ रोजी ‘कोडा’ या ध्वनिमुद्रिकेची विस्तारित आवृत्ती निघाली, तेव्हा ४३ वर्षांनंतर या दोन गीतांना अधिकृत स्थान मिळाले. ‘फोर स्टिक्स’ला तेथे ‘फोर हँड्स’ म्हणजे ‘चार हात’ असे नाव दिलेले आहे.

पुनर्ध्वनिमुद्रणाची कारणे

एकदा मुद्रित झालेले गीत कलावंत पुन्हा का मुद्रित करतो, याची प्रमुख कारणे तीन सांगता येतील.

पहिले कारण कलात्मक होय. कलावंताला आपल्या रचनेत दडलेली एखादी शक्यता नव्याने दिसते. मुंबईतील प्रयोग या प्रकारात मोडतो. पेज आणि प्लान्ट यांनी १९९४ मध्ये ‘नो क्वार्टर’ या ध्वनिमुद्रिकेसाठी हीच दोन गीते तिसऱ्यांदा वाजविली. या वेळी हुसाम रम्झी यांच्या नेतृत्वाखालील इजिप्तच्या वादकांची साथ होती. त्याच ध्वनिमुद्रिकेतील एका गीतात नजमा अख्तर या भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिकेचा स्वर आहे. मुंबईत अर्धवट राहिलेला विचार बावीस वर्षांनी पूर्णत्वास गेला, असे अनेक रसिक मानतात.

दुसरे कारण कायदेशीर व आर्थिक आहे. गीताची रचना आणि त्या गीताचे विशिष्ट ध्वनिमुद्रण या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र कृती आहेत. रचनेचा हक्क सामान्यतः गीतकार-संगीतकाराकडून, तर मुद्रणाचा हक्क बहुधा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे असतो. कंपनीशी वाद झाल्यास कलावंत तेच गीत नव्याने मुद्रित करून स्वतःच्या मालकीची प्रत तयार करू शकतो. डेफ लेपर्ड या बँडने २०१२ मध्ये आणि टेलर स्विफ्ट या गायिकेने २०२१ पासून हा मार्ग अवलंबिला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हा भेद स्पष्ट आहे. १९८० च्या दशकात जुन्या हिंदी गीतांच्या नव्या आवाजांतील स्वस्त कॅसेट बाजारात आल्या, त्या याच कायद्यातील तरतुदीच्या आधारे. २०१२ च्या दुरुस्तीने अशा मुद्रणांवर पहिल्या मुद्रणानंतर पाच वर्षांची मर्यादा घातली.

तिसरे कारण तांत्रिक आहे. नवे तंत्र उपलब्ध झाले की जुने मुद्रण अपुरे वाटू लागते. मात्र येथे पुनर्ध्वनिमुद्रण आणि पुनर्संस्करण यांत गल्लत होता कामा नये. पुनर्संस्करणात जुन्याच फितीवरील ध्वनी स्वच्छ व संतुलित केला जातो. २०१४-१५ मध्ये पेजने आपल्या बँडच्या सर्व ध्वनिमुद्रिकांवर केलेले काम या स्वरूपाचे होते. त्यात नवे वादन नाही.

मैफलींच्या ध्वनिमुद्रिका आणि सत्याचा प्रश्न

ख्यालगायक तीन मिनिटांच्या तबकडीत जे गातो आणि रात्रीच्या बैठकीत जे गातो, त्यांतील अंतर मराठी रसिक ओळखून आहे. लेड झेपेलिनच्या बाबतीतही तेच घडते. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गीत १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे साडेसहा मिनिटांचे आहे. १९७६ च्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत तेच गीत सुमारे सत्तावीस मिनिटे चालते. मंचावर गीताचा मूळ आराखडा कायम ठेवून त्यात उत्स्फूर्त विस्तार केला जाई. साहजिकच एका रात्रीचे गीत दुसऱ्या रात्रीसारखे नसे.

या कारणाने चाहत्यांनी श्रोत्यांत बसून चोरून केलेल्या मुद्रणांना मोठे महत्त्व आले. १९७० मधील लॉस एंजेलिस येथील मैफलीचे असे अनधिकृत मुद्रण अधिकृत मैफल-ध्वनिमुद्रिकेच्या कितीतरी आधी रसिकांच्या हाती पडले होते. अधिकृत ध्वनिमुद्रिकांची आणि अशा फितींची तुलना करता करता रसिकांनी एक प्रकारची पाठचिकित्साच विकसित केली. हस्तलिखितांचा अभ्यासक ज्याप्रमाणे पाठभेद तपासतो, त्याप्रमाणे हे रसिक कोणते कडवे कोणत्या रात्रीचे, जोड कोठे दिला, कोणता स्वर नंतर भरला, याचा शोध घेतात.

त्यांच्या शोधातून जे दिसते ते उद्बोधक आहे. ‘द साँग रिमेन्स द सेम’ हा चित्रपट जुलै १९७३ मधील न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील मैफलींवर आधारित आहे. तथापि त्यातील काही दृश्ये पुढल्या वर्षी इंग्लंडमधील स्टुडिओत चित्रित झाली. तोवर केस कापून बसलेल्या जोन्सला त्यासाठी टोप घालावा लागला. २००३ मध्ये निघालेली ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ ही ध्वनिमुद्रिका जून १९७२ मधील कॅलिफोर्नियातील दोन मैफलींच्या तुकड्यांतून सांधलेली आहे. १९८२ च्या ‘कोडा’मधील एक गीत स्टुडिओतील म्हणून देण्यात आले होते. वस्तुतः ते जानेवारी १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील मैफलीचे असून त्यावर नंतर गिटारचा भाग चढविलेला होता.

अशा संस्करणाला फसवणूक म्हणावे काय, याविषयी रसिकांत दोन मते आहेत. एका पक्षाच्या मते मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेने त्या रात्री जे घडले तेच, चुकांसह, द्यावे. दुसऱ्या पक्षाच्या मते ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र कलाकृती असून ती उत्तम असणे महत्त्वाचे. दोन्ही मतांत तथ्य आहे. संस्करण करणे हा कलावंताचा अधिकार मानला, तरी काय केले ते नोंदवून ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरते. नोंद असली की श्रोता आपला निर्णय आपण घेऊ शकतो.

विसर्जन : बँड म्हणजे कोण?

२५ सप्टेंबर १९८० रोजी जॉन बॉनमचे वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले. दुसरा ड्रमवादक घेऊन पुढे जाण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु ४ डिसेंबर १९८० रोजी उरलेल्या तिघांनी निवेदन काढून आपण पूर्वीप्रमाणे चालू राहू शकत नाही, असे जाहीर केले.

या निर्णयाचा अर्थ मराठी नाट्यसंस्थांच्या इतिहासाशी ताडून पाहता येतो. केशवराव भोसले यांचे १९२१ मध्ये निधन झाले, तरी त्यांची ‘ललितकलादर्श’ बापूराव पेंढारकरांनी त्याच नावाने पुढे चालविली. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडली, तेव्हा गंधर्व नाटक मंडळी हे नवे नाव धारण केले आणि जुनी मंडळी आपल्या नावाने चालू राहिली. या उदाहरणांत नाव संस्थेचे आहे. माणसे बदलली तरी संस्था टिकते. लेड झेपेलिनने नाव चार माणसांचे मानले. त्यांतील एक गेला, तेव्हा नावही थांबले.

हा नियम त्यांनी पुढे बऱ्याच अंशी पाळला. पेज व प्लान्ट १९९४ मध्ये एकत्र आले ते स्वतःच्या व्यक्तिगत नावांनी. जोन्सला त्या वेळी बोलावले गेले नव्हते आणि रसिकांतील एक मोठा वर्ग आजही त्याबद्दल हळहळतो. जुलै १९८५ मध्ये फिलाडेल्फिया येथील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात तिघांनी इतर ड्रमवादकांसह वादन केले. ते इतके विस्कळीत झाले की त्या कार्यक्रमाच्या २००४ च्या डी.व्ही.डी. संचात ते समाविष्ट करण्यास कलावंतांनीच नकार दिला. याउलट १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये झालेली एकमेव पूर्ण पुनर्मीलन मैफल २०१२ मध्ये ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. काही गीते वयोमानाप्रमाणे खालच्या पट्टीत घेतली होती. तरीही बहुसंख्य रसिकांनी ती बँडची मैफल म्हणून स्वीकारली. पित्याची जागा पुत्राने घेणे हे त्यांच्या दृष्टीने नावाशी सुसंगत होते.

मुंबईचे ध्वनिमुद्रण आणि श्रेयाचा प्रश्न

आता मुंबईच्या ध्वनिमुद्रणाकडे पुन्हा वळले असता एक विसंगती ध्यानात येते. १९९४ मध्ये पेज व प्लान्ट या दोघांनी परदेशी वादकांसह ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ सादर केली. ती लेड झेपेलिनची मानली गेली नाहीत. १९७२ मध्ये याच दोघांनी, हीच दोन गीते, जोन्स व बॉनम यांच्या अनुपस्थितीत मुंबईच्या वादकांसह मुद्रित केली. ती २०१५ मध्ये लेड झेपेलिनच्या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली. कलावंत तेच आणि गीते तीच असूनही नाव बदलले, कारण १९७२ मध्ये बँड अस्तित्वात होता. नाव कोणाचे हे ठरविताना वादन कोणी केले यापेक्षा ते केव्हा झाले, ही बाब येथे निर्णायक ठरली.

प्रत्यक्ष वादन करणाऱ्या मुंबईच्या कलावंतांचे काय झाले? २०१५ च्या ध्वनिमुद्रिकेत या गीतांपुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असे शब्द आहेत. वस्तुतः हे वेगवेगळ्या घराण्यांचे आणि परंपरांचे वादक होते. गीताच्या शीर्षकात ते एका सामूहिक नावाखाली येतात. पेजने गिटारच्या कोणत्या तारा कशा लावल्या, बॉनमने हातात किती काठ्या घेतल्या, हे जगभरचे रसिक सांगू शकतात. मुंबईच्या त्या बैठकीतील सारंगी किंवा तबला कोणाचा, हे शीर्षक वाचून कळत नाही. चित्रपटसंगीतातील वादकांच्या वाट्याला दीर्घकाळ हेच आले. ध्वनिमुद्रिकेवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे असत. वाद्यवृंदातील वादक मात्र निनावी राहत.

या दृष्टीने रसिकांच्या चर्चेला निव्वळ छंद म्हणून दुर्लक्षिता येत नाही. आवेष्टनावर जी माहिती दिलेली नसते, ती फितींची तुलना, कलावंतांच्या मुलाखती आणि जुन्या आठवणी यांतून हे रसिक गोळा करतात. ‘कोडा’तील गीत कोठे वाजविले गेले हे ज्या चिकाटीने शोधले गेले, त्याच चिकाटीने मुंबईतील वादकांचा शोध घेणे हे अभ्यासकांचे काम आहे.

महाड-पोलादपूर परिसरातील उपयोजन

या विवेचनाचा उपयोग कोकणातील महाविद्यालयांनाही होण्यासारखा आहे. महाड-पोलादपूर परिसरातील गावोगावची भजनी मंडळे आणि जाखडीचे नाच ही जिवंत परंपरा आहे. त्यांतही वरील तिन्ही प्रश्न उपस्थित होतात. एखादे मंडळ जुनी चाल नव्या बुवांच्या आवाजात पुन्हा मुद्रित करते. शिमग्यातील किंवा गणेशोत्सवातील सादरीकरण कोणीतरी मोबाइलवर टिपून ठेवते. ढोलकी वाजविणारा नोकरीनिमित्त मुंबईस गेला की मंडळ थांबते, किंवा त्याच नावाने दुसऱ्यास घेऊन चालू राहते. आज मुद्रण करणे अत्यंत सुलभ झाले आहे. नोंद करण्याची सवय मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

मराठी, समाजशास्त्र अथवा इतिहास विभागातील विद्यार्थ्यांकडून क्षेत्रकार्याच्या निमित्ताने अशा मुद्रणांची सूची करून घेता येईल. प्रत्येक मुद्रणासोबत गाव, तिथी, प्रसंग, गायक, मृदंग, ढोलकी व टाळ वाजविणारे, तसेच गीत कोणाकडून आले याची माहिती लिहिली जावी. ‘ग्रामस्थ मंडळ’ एवढीच नोंद राहिली, तर पन्नास वर्षांनी तिची अवस्था ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’हून निराळी नसेल.

निष्कर्ष

१. एकाच गीताच्या अनेक मुद्रणांपैकी कोणतेही एक सर्व दृष्टींनी अंतिम ठरत नाही. स्टुडिओतील मुद्रण, पुनर्ध्वनिमुद्रण आणि मैफलीचे मुद्रण ही एका रचनेची स्वतंत्र रूपे असून त्यांचे मूल्यमापन त्यांच्या हेतूनुसार करणे योग्य होय.

२. मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत संस्करण असणे हा दोष नव्हे. संस्करणाची नोंद नसणे हा दोष होय.

३. बँडचे नाव संस्थेचे की माणसांचे, यावर त्याचे विसर्जन अवलंबून असते. लेड झेपेलिनने १९८० मध्ये दुसरा पर्याय स्वीकारला आणि त्यामुळेच त्यापूर्वीची मुंबईतील मुद्रणे बँडच्या नावात सामावली गेली.

४. मुंबईतील १९७२ च्या ध्वनिमुद्रणात भारतीय वादकांचा वाटा कानांना स्पष्ट ऐकू येतो. तो नावानिशी नोंदविणे ही संगीताच्या इतिहासलेखनाची शिल्लक राहिलेली जबाबदारी आहे.